उलटतपास बाकी आहे

मी, ॲड. माया धोंडीराम तांबे, राहणार परळ, धर्म बौद्ध, व्यवसाय वकिली, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवते. माझ्यावर कोणी दबाव आणलेला नाही. आणायची कोणाची छाती नाही. बुद्धी ठिकाणावर आहे. हृदयाचं काय ते डॉक्टर उद्या ऑपरेशनमध्ये बघतील.

१. माझी परळची खोली भावाचा मुलगा अभय याला. अभय मोठ्या कंपन्यांचा वकील, राहतो वडाळ्याच्या टॉवरमध्ये. "आत्या, फुकटचा वकील असून नसल्यासारखाच गं," हे त्याने याच खोलीत, माझ्या हातचं सुकं मटण खाताना सांगितलं. तेव्हा खोली मिळेल, पण एका अटीवर.

कमलाबाई शिवाजी पार्कजवळ एका घरी पोळ्या करायच्या. तिथली सोन्याची चेन चोरल्याचा त्यांच्यावर आरोप आहे. जामीन मंजूर झाला, जामीनदार मिळेना, म्हणून त्या अजून तुरुंगात. गरीब आरोपीला सरकार वकील देतं, त्या यादीत मी आहे. माझ्याआधी यादीतल्याच अण्णांकडे ही केस होती. फिर्यादी बाईंची साक्ष झाली, न्यायाधीशांनी अण्णांकडे पाहिलं, अण्णा "नो क्रॉस, सर" म्हणाले आणि चहाला गेले. उलटतपास नाही, म्हणजे बाई बोलल्या ते खरं धरून चाला.

केस माझ्याकडे आल्यावर मी कागद वाचले. यात विद्वत्ता काही नाही, कागद वाचायचेच असतात. कमलाबाईंना कपाट उघडताना पाहिलं म्हणणाऱ्या या बाई, स्वतःच्याच पोलीस जबाबाप्रमाणे, त्या वेळी मैदानात फेऱ्या मारत होत्या. मी भांडून त्यांना पुन्हा साक्षीला बोलावण्याचा हुकूम मिळवला. पुढच्या तारखेला उलटतपास आहे. मी नसले तर कोर्ट समोर दिसेल त्या काळ्या कोटाला "तुम्ही घ्या" म्हणेल, आणि पुन्हा तेच होईल.

म्हणून अट ही: अभयने आधी तुरुंगात जाऊन कमलाबाईंना भेटावं. त्या हो म्हणाल्या तर वकीलपत्र घ्यावं आणि उलटतपास स्वतः करावा. ज्युनिअर पाठवू नये, बिल तर नाहीच नाही. निकाल काय लागतो त्याचा खोलीशी संबंध नाही. अभय गेलाच नाही, तर खोली माझी बहीण सुमेधा हिची.

कमलाबाईंनी मला पहिल्या भेटीत विचारलं होतं, "मॅडम, तुम्हाला पैसे सरकार देतं, मला आत पण सरकारनंच टाकलं. मग तुम्ही नक्की कोणाच्या?" मी म्हटलं, "तुमची." त्यांचा विश्वास बसला नाही. मला आधी राग आला, मग रडू आलं. अभयलाही त्या हेच विचारतील. त्याने गोड बोलू नये, तयारी करून जावं.

२. अण्णांना माझा थर्मास. चहा जागेवर प्यावा. माणूस वाईट नाही. एकाच सकाळी चार कोर्टांत पुकारा झाला की कोणाचीही तारांबळ उडते. पण माफ करायचं की नाही हे कमलाबाईंनी ठरवावं, मी मध्ये पडत नाही.

३. बँकेतली ठेव आणि साड्या सुमेधाला. साड्यांवर तिचा डोळा आहेच. निळी मात्र मला नेसवून पाठवा.

४. कमलाबाईंना काहीही ठेवत नाही. निदान मनगटावरचं घड्याळ द्यावं असं फार वाटलं. पण चोरीचा आरोप असलेल्या बाईकडे मेलेल्या वकिलाचं घड्याळ सापडलं तर पोलीस काय म्हणतील, ते मला पाठ आहे.

५. अभय, मसुदा वाचून तू म्हणालास, "आत्या, ही अट कोर्टात टिकायची नाही." नसेल टिकत. खुशाल दावा लाव. मेलेल्या बाईला एक शाप द्यायची मुभा असेल तर माझा हा घे: त्या दाव्यात तुला असा वकील मिळो, ज्याने पुकारा होईपर्यंत तुझं नावही ऐकलेलं नसेल.

सही: माया धोंडीराम तांबे
परळ, मुंबई. ११ नोव्हेंबर २०२५

मायाताईंनी आम्हा दोघांच्या डोळ्यांदेखत सही केली, त्यांच्यासमोर आम्ही केली:
१. प्रिती खैरे, शेजारीण
२. मयूर साळवी, खालचे औषधवाले