भिवाचं जहाज

२ डिसेंबर १९९८
भिवा परत आलाय. तीन महिने शिडाच्या जहाजावर होता. आता शाळेतल्या पोरांना तेच शिकवून राह्यला – पुढारपण म्हणजे काय, परक्या माणसासंगं कसं राहायचं. वस्ती सगळी त्याच्यामागं. चालतोसुद्धा पाय फाकवून, जशी काय जमीन हलते.

जालन्याला जहाजाच्या निवडीला आम्ही दोघं गेल्तो. जुन्या जालन्यात एक बँडवाला नवं क्लॅरनेट वाजवून पाहत होता. मी ऐकत थांबलो, निवड हुकली. भिवा जहाजावर गेला. एवढंच.

४ डिसेंबर
शाळेपुढं बिनबैलाची गाडी, वर ताडपत्रीचं शीड. म्हणे जहाज. रोज नवा कप्तान, पाळीनं. कप्तानानं पाणी सगळ्यांच्या शेवटी प्यायचं. आज प्रभावती – वर्गात तोंड न उघडणारी. पाटलाचं पोरगं म्हणालं, "हिचं कोण ऐकतंय?" भिवा म्हणाला, "मंग ऱ्हाऊ दे जहाज उभं. आमच्यावर सतरा भाषांची माणसं होती. सगळ्यांनी ओढल्याबिगर शीड चढत नव्हतं." बसला बिडी ओढत. शेवटी पोरगं लागलं दोरीला.

गाठ मात्र भिवाला आजही बराबर येत न्हाई. मीच शिकवल्ती, विहिरीवर. कुणाला सांगू?

५ डिसेंबर
केदारखेड्याला बाजारला गेल्तो. पोस्टमन वस्तीवर येत न्हाई, बाजारला जाईल तो टपाल आणतो. भिवाचं पाकीट. वर जहाजाचा शिक्का. परत बोलावलं असणार, मास्तर करून. खिशात घातलं. देईन उद्या.

७ डिसेंबर
भिवानं विचारलं, "टपाल होतं का रे?" म्हणालो, न्हाई. "आलं की पळत ये. तुझ्याबिगर फोडणार न्हाई."
मला दाखवून फोडायचंय त्याला. देतच न्हाई जा.

११ डिसेंबर
आज मला कप्तान केलं. पोरांना म्हणाला, "गाठी पुंजारामदादाकडून शिका. जहाजावर मी त्याच्याच गाठीवर निभावलो." पोरांनी घेरलं. दुपारपर्यंत गाठीच बांधल्या, कुठं जावं वाटलं न्हाई. घसा सुकला, पण घागर माझ्याकडं शेवटीच आली. मी आधी पितो का, प्रभावती पाहत होती.
पाकीट खिशात टोचत होतं.

१२ डिसेंबर
फोडलं. हिंदीत आहे. तुम्ही सुचवलेल्या पुंजारामला दहा तारखेपर्यंत मुंबईला पाठवा, जहाज थांबणार नाही.

आज बाजार. भिवा बाहेरून हाक मारून राह्यला – जाऊन ये जल्दी, टपाल बघ.