गुरुलिंगचा विमा

सोलापूर,
१४ जुलै २०२५

ती. अण्णास,

शरणु शरणार्थी. अव्वा बरी आहे, गुडघे तेवढे दुखतात. गुरूला महिनाभर झटका आलेला नाही. तू बेंगळुरात सुखात असशीलच, ते विचारायची गरज वाटत नाही.

तू मोबाइलवर पाठवलेली पॉलिसी पाहिली. स्वस्त आहे. खालचा तुझा सल्लाही वाचला, ‘झटक्यांचं आणि मतिमंदपणाचं फॉर्मात लिहू नको, नाकारतात.’ एवढा शिकलास, मॅनेजर झालास आणि चाळिशीतल्या सख्ख्या भावासाठी तुला सुचलं ते हे! तरी मी अव्वाला घेऊन एजंटाकडे गेले. त्यानं आजाराचा रकाना कोरा सोडला तशी अव्वा म्हणाली, “लिव्ह की बाबा. उद्या लेकरू दवाखान्यात पडलं तर तुमीच म्हणशीला, खोटं बोललासा.” चौथी शिकलेल्या बाईला कळतं ते तुला कळत नाही. आम्ही उठून आलो.

गुरू जातो त्या मतिमंदांच्या कार्यशाळेतल्या चेतनाबाई म्हणाल्या, अशांसाठी सरकारचा वेगळा विमा आहे, आधीचा आजार असला तरी घेतात. फक्त अपंगत्वाचा दाखला लागतो. तो आपल्या घरात का नाही, हे तुला ठाऊक आहे. तुझं लग्न ठरत होतं तेव्हा तूच म्हणाला होतास, सरकारी कागदावर नाव चढलं की गावभर होतं. बाबांनी ऐकलं. त्याला वीस वर्षं झाली.

मंगळवारी गुरूला दाखल्यासाठी सिव्हिलमध्ये नेलं. डॉक्टरबाईंनी विचारलं, “घरात कोण कोण?” तो बोटं धरत म्हणाला, “अव्वा. अण्णा लई मोटा सायब हाय. अक्का हितं हाय. आन् मी.”

मी भिंतीकडे बघत राहिले.

कारण तुला बोलते तेवढी मी शहाणी नाही, अण्णा. मला बघायला आले तेव्हा सासूबाईंनी भावंडं विचारली. मी म्हणाले, एक भाऊ. गुरू तेव्हा कुंभारीला मावशीकडे होता. मीच सकाळी त्याला सोडून आले होते, जत्रा आहे म्हणून. जत्रा नव्हती. नवा शर्ट घालून तो अंधार पडेपर्यंत वेशीत उभा होता, असं मावशी सांगते. लग्नानंतर सासरी कळलंच, पण आजवर तो माझ्या घरी जेवलेला नाही. कुणी अडवलं नव्हतं. मीच आणला नाही.

काल आणला. त्यानं दोनदा भात मागितला, दुसऱ्यांदा सासूबाईंनीच वाढला.

दाखला मिळाला आहे. विम्याच्या फॉर्मात सांभाळणाऱ्याचं नाव विचारतात. अव्वा म्हणाली, “थोरल्या लेकाचं लिव्ह.” तिला अजून तुझी आशा आहे. मी माझं लिहिलं. तुझं नाव कुठंही येणार नाही, तेव्हा निर्धास्त राहा.

गुरुलिंगची अक्का,
महेश्वरी