उत्तरेच्या भिंतीबाहेर

१२ मार्च १९५३
बाळ गेलं. मुलगा होता. रडलाच नाही. फादर टायनन बाप्तिस्म्याला पोचायच्या आतच सगळं संपलं होतं.

१३ मार्च
उजाडताना फिंटन आपल्या लेकाची पेटी काखेत घेऊन एकटाच गेला. मला अंथरुणातून उठवेना. मठाच्या जुन्या भिंतीच्या आत आमची सगळी माणसं पुरली आहेत, बाबासुद्धा. पण बाप्तिस्मा नाही, म्हणून बाळाला आत जागा नाही. अशी मुलं उत्तरेच्या भिंतीबाहेर, गवतात. वर एक ओबडधोबड दगड. संपलं.
आई म्हणाली, रडू नकोस, शेजारी ऐकतात, दुसरं होईल. आणि पावाचं पीठ मळायला लागली. कशी ही बाई!

१९ एप्रिल
प्रवचनात आज गावाचं कौतुक. चौदाशे वर्षं झाली, जूनमध्ये उत्सव, बिशप येणार. संत कोलोन एकटा आला, झोपडी बांधली, तिचा मठ झाला, मठाभोवती गाव. समुद्रावरून आलेल्या डेन लुटारूंनी तीनदा जाळलं, तीनदा उभं राहिलं. आणि महामारीत म्हणे संताने दारातून कुणालाच परत पाठवलं नाही.
कुणालाच नाही — मी उठून बाहेर आले. आई मागून दंड धरत होती.

२ मे
काही नाही. पाऊस.

२६ मे
बिशपांचा मंच उत्तरेच्या भिंतीबाहेर उभारणार. दगड उचलायचे, रोलर फिरवून जमीन सपाट करायची. फिंटनने एवढं सांगितलं आणि एक बूट हातात घेऊन तसाच बसून राहिला.

२७ मे
फादरांकडे गेले. वाईट माणूस नाही. बसवलं, चहा दिला.
"एथ्ना, तिथे नुसते दगड आहेत."
"माझा मुलगा आहे तिथे, फादर."
त्यांनी माझ्या कपात आणखी चहा ओतला. मग म्हणाले, नियम त्यांनी केलेला नाही.
घरी आईने फैलावर घेतलं. गावात तोंड दाखवायला जागा ठेवली नाहीस म्हणे.

५ जून
फिंटन जेवत नाही. मीही नाही. ताटं तशीच उचलते.

८ जून
रोलर आला. मी जाऊन बाळाच्या दगडाशी बसले. दुसरं सुचलंच नाही. कामगार टोप्या हातात घेऊन उभे. कुणी हसलं नाही, ते बरं. दिवस कलल्यावर फादर आले, म्हणाले, उद्या तुझ्या आईलाच पाठवतो तुला उठवायला.
म्हणजे संपलंच. आईपुढे माझं कधी काय चाललंय?

९ जून
आई आली. चर्चला जायची काळी टोपी घालून. माझ्याजवळ थांबलीच नाही. पुढे गेली, भिंतीलगतच्या एका दगडाशी गुडघे धरून खाली बसली.
"तुझ्याआधीचा," म्हणाली. "तुझ्या बाबांनासुद्धा जागा दाखवली नव्हती."
रोलर सुरू झाला नाही.