चेहरा निवळेपर्यंत

॥ श्री विठ्ठल ॥
म्हैसूर, ८ जून २०२५

ती. अंबूताईस,
कृ. सा. न. वि. वि. तुझ्या कानांमुळे फोनवर मी एक सांगतो आणि तू दुसरंच ऐकतेस, म्हणून पुन्हा कागद पुढे ओढला. आजकाल पत्र कोण लिहितं, असं ही म्हणते. हिला एकदा तुझ्याशी फोनवर बोलायला बसवलं पाहिजे.

शाळांचे गणवेश शिवायला आलेत, दुकानात मान वर करायला फुरसत नाही. तरी जीव सुप्रीतापाशी अडकलेला असतो. बी.एड. होऊन वर्ष झालं, पण तोंडावरच्या फोडांपायी पोरगी घराबाहेर पडत नाही. पुटकुळ्या म्हणावं असं काही राहिलं नाही. गालावर आणि हनुवटीवर मोठाले दुखरे फोड येतात आणि जाताना खड्डा ठेवून जातात. हिने कडुनिंब लावला, हळद लावली, तळलेलं बंद केलं, एकादशीसुद्धा धरायला लावली. शाळेतून मुलाखतीचं बोलावणं आलं, तर मास्क काढायला सांगतील म्हणून फाटकातूनच परत आली. मास्क मीच शिवून देतो, प्रत्येक चुडीदाराच्या उरलेल्या तुकड्याचा एक. कापडात डाग निघाला की आपण त्यावर खिसा लावतो ना, तसंच. बघणाऱ्याला कळतही नाही.

पण आता चांगली बातमी. आपल्या गल्लीतल्या मेडिकलवाल्याने एक ट्यूब दिली आणि आठवड्यात चेहरा असा निवळला की हिने दृष्ट काढली. लगेच स्टुडिओत नेऊन फोटो काढला आणि कुवेंपुनगरच्या गोदावरीबाईंकडे पाठवला. त्यांचा मुलगा शशांक बँकेत आहे, आपल्याच समाजातला. फोटो पसंत पडला. विठोबा पावला म्हणायचं. सुप्रीताला तुझा आशीर्वाद हवा. लोभ आहेच, तो कमी होऊ देऊ नकोस.

तुझा
रंगनाथ


एच. डी. कोटे, १३ जून २०२५

चि. रंगनाथास,
अ. आ. पत्र वाचून आनंद व्हायला हवा होता, पण मला धडकी भरली. माझे कान गेले असतील, पण माझ्यातली सरकारी दवाखान्याची नर्स अजून गेलेली नाही. ट्यूबवर काय छापलंय ते सुप्रीताला वाचायला सांग. माझ्या अंदाजाने त्यात स्टिरॉइड आहे. ते सूज आणि लाली दाबून टाकतं, म्हणून चेहरा निवळल्यासारखा दिसतो. फोड बरे होत नाहीत. महिनोन्महिने लावलं तर कातडी पातळ होते, आणि बंद केलं की पहिल्यापेक्षा दुप्पट उसळतं. असे चेहरे घेऊन आलेल्या पोरी मी पाहिल्यात रे.

तुझ्या बायकोला, विद्याश्रीला सांग की हा रोग घाणीचा नाही, चकलीचा नाही आणि एकादशीचा तर नाहीच. वयात आल्यावर कातडीखालच्या ग्रंथी जास्त तेल करतात, बारीक छिद्रं बुजतात, त्यात जंतू वाढतात आणि सूज येते. आपल्या अण्णांचे गाल आठव. रक्तातूनही येतं ते. दहा वेळा तोंड धुवून, घासून किंवा फोडून काही होत नाही, डाग मात्र पडतात.

तिला त्वचेच्या डॉक्टरकडे ने. साध्या फोडांना लावायची मलमं असतात, मोठ्यांना पोटातून गोळ्या असतात. गुण यायला महिने लागतात. आठ दिवसांत गुण देणाऱ्यापासून लांब राहावं, हे तुला शिंप्याला मी सांगायला नको, घाईचं काम कसं होतं ते तू जाणतोस. विद्याश्रीला आशीर्वाद. भांडकुदळ बहिणीवर माया ठेव.

तुझी
अंबूताई


म्हैसूर, २० जुलै २०२५

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि. माझी शाळा सगळी कन्नडमधली, मराठी लिहायला तूच सुट्टीत शिकवलंस, तेव्हा पत्रातल्या चुका तुझ्या नावावर.

तुझा अंदाज बरोबर निघाला. डॉक्टरीणबाईंनी ट्यूब पाहिली आणि कपाळाला हात लावला. ती बंद केली आणि माझं तोंड पेटलं. आत्या, उशीला गाल टेकवता येत नव्हता. आईने न्हाणीतला आरसा काढून ठेवला. बाईंनी सांगितलंच होतं की आधी असं होणार, धीर धर. मग त्यांनी सगळं समजावलं. रात्री लावायचं एक मलम छिद्रं मोकळी ठेवतं, दुसरं जंतू मारतं. पण माझे फोड खोलवरचे आणि खड्डे पाडणारे, म्हणून आयसोट्रेटिनोइन नावाची गोळी सुरू केली आहे. ती तेलच कमी करते. निदान सहा महिने घ्यायची, अधूनमधून रक्त तपासायचं. ओठ फार फुटतात. पडलेले खड्डे गोळीने भरत नाहीत, नवे पडायचे थांबतात.

एक गोष्ट त्यांनी दोनदा सांगितली. ही गोळी चालू असताना आणि नंतर एक महिना दिवस राहता कामा नयेत, बाळात मोठं व्यंग येऊ शकतं. त्यानंतर मात्र काही भीती नाही, मुलं व्हायला आडकाठी नाही. आईने पहिलं वाक्य ऐकलं आणि तिथेच तिचे कान बंद झाले. आता ती सगळ्यांना सांगते की गोळीने गर्भाशय सुकतं.

मला गोरं व्हायचं नाही, सुंदरही व्हायचं नाही. मास्क न लावता वर्गात उभं राहता आलं, पोरांना गणित शिकवता आलं, एवढंच मागणं आहे. आता पहिल्यांदाच वाटतंय की होईल. हनुवटीवर गेल्या आठवड्यात नवा फोड आलेला नाही. बाबांना तू अजून एकदा लिही. तुझी आठवण रोज येते, तूही विसरू नकोस.

तुझी लाडकी
सुप्रीता


॥ श्री विठ्ठल ॥
म्हैसूर, १७ ऑगस्ट २०२५

ती. अंबूताईस,
कृ. सा. न. वि. वि. तू रागावशील म्हणून लिहायला हात धजत नव्हता. गेल्या रविवारी शशांककडची मंडळी बघायला आली होती. त्यांच्याकडे फोटो गेलेला, त्यामुळे पोरगी फोटोसारखी दिसणं भाग होतं. हिने आधीचे काही दिवस पुन्हा ती ट्यूब लावायला लावली. सुप्रीता नको म्हणत होती. पण चेहरा छान निवळला, मंडळींनी होकार दिला. मुलगा शांत आहे, आवाज चढवून बोलत नाही. मार्गशीर्षातला मुहूर्त धरलाय.

गोळ्या बंद केल्या आहेत. गोदावरीबाई जाता जाता हसून म्हणाल्या की आमच्याकडे एकुलता एक आहे, वर्षभरात पाळणा हलायला हवा. त्यावर आम्ही काय बोलणार? लग्न ठरलेल्या पोरीला अशा गोळ्या कोण देतं? ट्यूब लग्नापर्यंत चालू ठेवू, पुढचं पुढे. सुम्ने, उगाच एका रोगापायी चांगलं स्थळ कसं घालवायचं, असं ही विचारते.

सुप्रीता फार रडली. ते मला ऐकवत नाही, म्हणून दुकानात मशीनवर जाऊन बसतो. साखरपुड्याला ये, पण गोळ्यांचं नाव काढू नकोस. एवढी भीक घाल. राग धरलास तरी भावाला तोडू नकोस.

तुझा
रंगनाथ


एच. डी. कोटे, २२ ऑगस्ट २०२५

चि. रंगनाथास,
अ. आ. तुझ्या कापडाला खिसे शोभतात, पोरीच्या तोंडाला खिसा कुठे लावशील? ती रोज त्या माणसासमोर वावरणार आहे. निम्म्यावर सोडलेलं औषध म्हणजे केलेल्या कष्टांवर पाणी, आणि ट्यूब आणखी चार महिने लावलीस तर कातडी इतकी नाजूक होईल की ऊनही सोसणार नाही. नुसती माझ्या भाचीची नव्हे, तुझ्या मुलीची गोष्ट आहे ही.

माझं ऐक. मुहूर्त फाल्गुनात घे. शशांकला समोर बसवून खरं सांग. पुष्कळ पोरांना असे फोड येतात, त्याला कळेल. नाही कळलं तर स्थळ गेलं म्हणून मी पेढे वाटीन. गोळी संपल्यावर एक महिना थांबलं की पाळणा हलवायला कुणाची हरकत नाही, हे गोदावरीबाईंना मी येऊन सांगते. तुला लाज वाटत असेल तर माझ्यावर ढकल, म्हातारी बहिरी आहे, काहीही बोलते म्हण.

साखरपुड्याला येईन. गप्प बसेन असं वचन देत नाही. सुप्रीताला जवळ घे, मशीनवर जाऊन बसू नकोस. आशीर्वाद आहेतच, तुझ्यावर चिडले तरी ते कुठे जात नाहीत.

तुझी
अंबूताई


कुवेंपुनगर, म्हैसूर, २२ फेब्रुवारी २०२६

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि. लग्नानंतर हे पहिलंच पत्र. साखरपुड्यात तू बोलायला उठलीस आणि बाबांनी तुला हाताला धरून जेवायच्या पानावर नेऊन बसवलं, ते मी पाहिलं होतं. तू मागे वळून माझ्याकडे बघितलंस. मी मान खाली घातली, त्याचं अजून वाईट वाटतं.

इथे सगळे चांगले वागतात. सासूबाईंनी स्वयंपाकघर माझ्या हाती दिलंय. मी रोज पहाटे सगळ्यांच्या आधी उठून ट्यूब लावत होते. गालांवर लाल बारीक शिरा दिसायला लागल्यात, उन्हात गेलं की तोंड भाजतं. घराजवळच्या एका शाळेत गणिताच्या बाईंची जागा निघाली. पुढल्या जूनपासून. मला वाटलं, आता धीर केला तर जूनपर्यंत नीट औषध घेऊन उभी राहीन. म्हणून संक्रांतीनंतर ट्यूब टाकून दिली.

काय झालं असेल ते तुला सांगायला नको. यांनी विचारलं, ऍलर्जी आहे का. मी दार लावून सगळं सांगितलं. फोटो कसा काढला, बघायला आले तेव्हा काय लावलं होतं, गोळ्या कशा बंद केल्या, सगळं. सहा-सात महिने गोळ्या घेऊ दे, तोवर मूल नको, एवढं मागितलं. आत्या, हे एक शब्दही रागाने बोलले नाहीत. मला पाणी आणून दिलं. आईला दुखवून कसं चालेल, एक बाळ होऊ दे, मग तुला हवे ते उपचार करू, असं म्हणाले.

दुसऱ्या दिवशी बँकेतून येताना त्याच ट्यूब घेऊन आले. एक नाही, चांगल्या चार. मेडिकलवाल्याला मुद्दाम नाव विचारून आणल्या. म्हणाले, हिने तुला बरं वाटत होतं ना, मग उगाच कशाला सोसतेस. मी सांगायला गेले की हिनेच हे झालंय, तर माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाले, मला तू फोटोतली फार आवडतेस.

रागावले असते तर मी भांडले असते. तुला उत्तर लिहावंसं वाटेल, पण नको लिहू, इथे पत्रं सासूबाई घेतात. शाळेला नाही म्हणून कळवलं. काल सकाळपासून पुन्हा लावते आहे. चार-पाच दिवसांत चेहरा निवळेल, मग सगळ्यांना बरं वाटेल.

मनातल्या मनात माया असू दे.

तुझी
सुप्रीता