घराचं चौथं माप

३ जून, सकाळ
आजपासून रोज लिहायचं. ठरलं म्हणजे ठरलं. विषय: काळ. इमारतींचे नकाशे काढता काढता लक्षात आलं की लांबी, रुंदी, उंची, तसंच काळ हे चौथं माप. पुढचा नाका आपण पोचायच्या आधीपासून तिथेच असतो. पुढचा महिनाही तसाच. मग घाई कशाला? बायको म्हणाली, आईंच्या खोलीतल्या भिंतीला तडा गेलाय, बघा जरा. बघतो म्हटलं.

६ जून
दोन दिवस लिहायचे राहिले. मागे जाऊन भरू.
तडा पाहिला. केसाएवढा. बायको म्हणते, इंजिनियर बोलवा. घरात मी असताना? साइटवर करतात तशी तड्यावर आडवी काचेची पट्टी चिकटवली, तारीख टाकली. भिंत हलली तर काच फुटते. शास्त्र आहे.

११ जून
काच फुटली. हल्ली मालच भिकार येतो. दुसरी लावली.

१२ जून
दुसरीही फुटली. आई म्हणाली, माझा पलंग बाहेर हलव बाबा, ही भिंत बोलायला लागलीय. म्हटलं, तेवढीच तुला सोबत. ती हसली नाही.
काचेऐवजी चिकटपट्टी लावली. लवचिक असते.

१९ जून
चिकटपट्टी शाबूत! म्हणजे भिंत जागच्या जागी. बायकोला मुद्दाम दाखवलं. ती म्हणाली, तड्यात माझं बोट जातंय. तिची बोटं मुळात बारीक.

२२ जून
खोलीचं दार अडतंय. रंधा मारला.
बायकोला समजावलं. घर काळातही लांब असतं. पाया भरला ते एक टोक, दुसरं टोक लांब तिकडे, आपण मधोमध. तिनं विचारलं, मधोमध कशावरून? दुसरं टोक पाहिलंत का? उत्तर तयार होतं, पण दूध उतू जात होतं.

२६ जून
भिंतीतून वाळू गळते. झाडली की पुन्हा. ऑफिसात साहेबांना सहज विचारलं, एकाच्या घरी असं असं आहे. साहेब म्हणाले, त्याला सांग, आजच्या आज बाहेर पड. सांगतो म्हटलं.
चिकटपट्टी फार ताणली होती. काढून नवी लावली, जरा सैल.

२७ जून
बायकोनं मला न विचारता आईचा पलंग बाहेरच्या खोलीत आणला. कडाक्याचं भांडण. आई कोणाची? माझी! आई मात्र सुनेच्या बाजूनं. रविवारी पलंग परत आत. ठरलं म्हणजे ठरलं.

३० जून, रविवार. मेव्हणीच्या घरी
आई स्वयंपाकघरात चहा पीत होती. मी पलंग ओढत दारापर्यंत नेला. दार पुन्हा अडलं. रंधा आणायला वळलो आणि मागे भिंत आत कोसळली. पलंग असायचा, नेमकी त्याच जागी. छप्परही खचलं. कुणाला लागलं नाही.
आई माझ्याशी बोलत नाही. बायकोही नाही.
संध्याकाळी एकटाच जाऊन आलो. नाका तोच, गल्ली तीच, पायऱ्याही त्याच. जागेत परत जाता येतं. कालच्या घरात जायला काही वाट दिसली नाही.
ढिगाऱ्यात दोन विटांना धरून चिकटपट्टी सापडली. शाबूत होती.