तुमचा शब्द तुम्हीच शोधा

अहो,

मी माझ्या ताईकडे जाऊन येते, दुपारी परतेन. रागावून गेले नाही. जेवण झाकून ठेवलंय, गोळी बशीत आहे.

काल तुम्हाला बोलायला शिकवणाऱ्या बाई जाताना दाराशी मला म्हणाल्या, "काकू, काका शब्द शोधत असतात आणि तुम्ही तो सांगून मोकळ्या होता. मग त्यांनी शोधायचा कशाला?" मला रडूच आलं. तुम्हाला मेंदूचा झटका आल्यापासून चार महिने प्रश्नही माझा आणि उत्तरही माझंच. दोन माणसांच्या घरात मी एकटीच बोलतेय. म्हणून तर तुमचं "अं... अं..." सुरू झालं की मला धीर धरवत नाही हो.

समोर असले तर माझी जीभ काही गप्प बसायची नाही. म्हणून जेवण झालं की मला फोन करा. एकचं बटण दाबून धरलं की लागतो. परवा चष्म्याला किल्ली म्हणालात, तसलं काही म्हणालात तरी चालेल. मी फोन उचलेन आणि नुसती ऐकेन.

कितीही वेळ लागू दे, मी फोन ठेवणार नाही.

तुमची टकळी