धवल्याचं शेवटचं कडवं

आये, तुझ्या नातीची उद्या हळद. डीजे ठरलाय, पण हळद लागताना आजीचाच धवला हवा आणि तो मीच गायचा, असा तिचा हट्ट. अख्ख्या मुरुडात तुझ्यासारखा खणखणीत धवला कुणी गायला नाही, असं मीच तिला सांगत आलेय. आता आलं ना अंगाशी! सुरुवातीची कडवी मला तोंडपाठ आहेत. शेवटाचं मात्र कठीण, आणि विचारायला आता तू नाहीस. लहानपणी तुझा पदर धरून किती हळदींना गेले, पण शेवटापर्यंत कधी थांबले नाही, आधीच पंगतीकडे पळायचे. माझ्या हळदीत तेवढं पळता आलं नाही म्हणून ऐकलं, 'हसल्याबिगर बोलं ना लेक माजी, सासूबाय, तिचं हसू मोजू नका.' सगळ्याच नवऱ्यामुलींना तू हेच गात असशील, असं मी धरून चालले होते.

तरी खात्री हवी म्हणून काल पोरीने मला स्वयंपाकघरात उभं करून गायला लावलं आणि तो व्हिडिओ किनाऱ्यावरच्या कोळीवाड्यांच्या ग्रुपवर टाकला. संध्याकाळपर्यंत तिथे नुसती जुंपली! एक लिहिते, "खोटं हाय! शेवट भाकरीवर हाय, माजे हलदीला सोता आयकलाय." बोर्ली पंचतनची एकजण म्हणते, "भाकरी न्हाय न् हसू न्हाय, तुमी दोघीव चुकताव." आम्ही मायलेकी पोट धरून हसतोय. तेवढ्यात मांडव्याच्या एका म्हातारीने आपला आवाज पाठवला. थरथरत तिने तिचं कडवं गायलं, होडीला घाबरणाऱ्या मुलीचं, आणि मग म्हणाली, "तुमची आये आदले दिशी आमचे चुलीजवल येऊन बसली, च्या पिली, न् मना इचारलं, पोरी, तुला भ्या कशाचा वाटतो?"

आये, मी ते पुन्हा पुन्हा लावून ऐकलं. आदल्या दिवशी तू नवरीच्या घरी जायचीस ती चहासाठी, असं म्हणून बाबा तुला किती चिडवायचे, आणि तूही हसून घ्यायचीस. प्रत्येकीचं कडवं वेगळं होतं तर! ते हसू माझं होतं, माझ्या एकटीचं. इतक्या वर्षांनी कळलं आणि मला इतका आनंद झाला की पोरीला वाटलं, हिला काहीतरी झालंच.

आता त्या भांडणाऱ्या बायका एकमेकींना आपल्या हळदीचे जुने फोटो पाठवतायत. दोघीतिघी उद्या एसटीने येणार आहेत. वडे जास्त करायला सांगितलेत.

आज दुपारी मीही चहा टाकला, पोरीला ओट्याजवळ बसवलं आणि तुझा प्रश्न विचारला. ती म्हणते, "मी तिकडे रमले आणि तुला फोन करायचंच विसरले तर?" भांडी घासता घासता जुळत गेलं, 'इसरली लेक तर इसरू द्या तिला, हाक माराला आये हाय किनारी.' गाऊन दाखवलं तर गळ्यात पडली. मग डोळे पुसत विचारते, "हे कुणाचं गं?"

मी म्हटलं, "तुझ्या आजीचं. आत्ता आठवलं." बाकी सगळं ग्रुपवर गेलंय, आये. एवढं मात्र फक्त तुलाच सांगतेय.